एंटर दाबल्यावर कर्सर कुठे जायला हवा? फोकस हाताळायला शिकणाऱ्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात असताना एखाद्या अडत दुकानात जा आणि दिवाणजींच्या शेजारी अर्धा तास बसा. डाव्या हाताचं बोट काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीच्या, ओळीवर, उजवा हात नंबरपॅडवर आणि नजर कागदावर. स्क्रीनकडे ते बघतही नाहीत. आकडा, एंटर, आकडा, एंटर. हात थांबला तर समजायचं की काहीतरी बिघडलंय.

मी लिहिलेला पहिला वेब प्रोग्रॅम अशाच एका दुकानात बसवला, तेव्हा तो हात पहिल्या दहा मिनिटांतच थांबला. तिथल्या दिवाणजींना सगळे आण्णा म्हणतात. ते म्हणाले, "अगं पोरी, मी चार पट्ट्या टाकल्या. हितं तर एकच दिसतीया." कारण अगदी लहान होतं. एकच पट्टी दोनदा जतन होऊ नये म्हणून ‘जतन करा’ हे बटण दाबताक्षणी मी निष्क्रिय करत होते. फोकस, म्हणजे कीबोर्डच्या कळा घेण्याचा हक्क, त्याच बटणावर होता. बटण निष्क्रिय झालं, फोकस सुटला आणि पुढच्या तीन पट्ट्यांच्या सगळ्या कळा कुठेच पोचल्या नाहीत. आण्णा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, बाजूला ठेवलेले तिन्ही कागद परत वर घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून कुठल्याही नव्या स्क्रीनचं काम मी फोकसपासून सुरू करते. अडखळत जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः वेबची आहेत, कारण नवीन मुलं बहुधा तिथूनच सुरुवात करतात. विंडोजवरच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शनची आणि गुणधर्मांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगने टाइप करायची.

आधी एवढं समजून घ्या

एका वेळी विंडोतल्या एकाच घटकाला कीबोर्डच्या कळा मिळतात. ज्याला मिळतात त्याच्यावर फोकस आहे, असं म्हणायचं. माउसचा बाण कुठेही असला तरी त्याचा याच्याशी संबंध नाही. वेबपानावर फोकस असलेला घटकच पानातून काढून टाकला, तर फोकस शेजारच्या रकान्यात आपोआप सरकत नाही. तो पानाच्या मुळाशी, म्हणजे बॉडीवर, जाऊन पडतो. वापरणारा टाइप करत राहतो आणि अक्षरं हवेत जातात. फोकसच्या तक्रारी खोदत गेलात तर बऱ्याचदा तळाशी हेच सापडतं.

सोबत काय काय लागेल

- ज्या कामासाठी स्क्रीन करताय त्याचा खरा कागद. आमच्याकडे काटापट्टी, तुमच्याकडे दवाखान्याचा केसपेपर असेल किंवा शाळेचा प्रवेश अर्ज.
- नंबरपॅड असलेला कीबोर्ड. लॅपटॉपवर नंबरपॅड नसेल तर बाहेरून जोडा, कारण वापरणारा तोच वापरणार आहे.
- ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं, एफ12 दाबून उघडतात ती.
- एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर फुकट मिळतो आणि त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो.
- जमल्यास एक जुना, हळू चालणारा संगणक. हा का लागतो ते चौथ्या पायरीत कळेल.

1. हाताचा क्रम कागदावर उतरवा

कोड उघडू नका. वापरणाऱ्याच्या शेजारी बसा आणि तो कुठल्या क्रमाने भरतो ते लिहून घ्या. आमच्या पट्टीचा क्रम असा निघाला: लॉट नंबर, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, खरेदीदार, दर. ‘गाव’ हा रकाना मी नावाच्या शेजारी ठेवला होता. पण नेहमीच्या शेतकऱ्याचं गाव यादीतून आपोआप भरतं, त्यामुळे तिथे थांबायची गरज नव्हती. दिवसाला दोनशे पट्ट्या असतील तर दोनशे एंटर वाचले. हमाली आणि तोलाईचे दरही ठरलेले असतात, ते बदलायची वेळ क्वचित येते. तेही वाटेतून बाजूला काढले.

याच कागदावर आणखी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. स्क्रीन उघडल्यावर फोकस कुठे हवा? शेवटच्या रकान्यानंतर कुठे? जतन झाल्यावर कुठे? चूक सापडली तर कुठे? एस्केप दाबल्यावर कुठे? यातल्या एकाचंही उत्तर "बघू नंतर" असं असेल, तर त्याच जागी कर्सर हरवणार.

2. कोड न लिहिता जमतं ते आधी करा

टॅब दाबल्यावर फोकस एचटीएमएलमधल्या क्रमाने फिरतो. रकाने स्क्रीनवर कसे दिसतात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सीएसएसने डावीकडचा रकाना उजवीकडे नेलात तरी टॅबचा क्रम जुनाच राहतो. म्हणून एचटीएमएलच पहिल्या पायरीतल्या क्रमाने लिहा.

टॅबइंडेक्स या गुणधर्माच्या दोनच किमती वापरा. 0 म्हणजे टॅबच्या रांगेत आपल्या जागी उभा राहा. उणे 1 म्हणजे रांगेत नको, पण कोडमधून फोकस देता येईल. 1, 2, 3 असे धन आकडे टाकायचा मोह होतो आणि पहिल्या दिवशी ते चालतातही. पण असे घटक 0 असलेल्या सगळ्यांच्या पुढे घुसतात. महिन्याने मध्ये एक नवा रकाना आला की सगळी रांग विस्कटते आणि आकडे परत मोजत बसावं लागतं.

बटण हवं असेल तर खरं बटणच वापरा. साध्या डिव्हला रंग देऊन बटण केलंत, तर त्याला फोकसही मिळत नाही आणि एंटर किंवा स्पेसही कळत नाही. ते सगळं हाताने जोडत बसावं लागतं.

विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवरचे डेस्कटॉप प्रोग्रॅम करायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) टॅबइंडेक्सचे आकडे द्यावेच लागतात आणि तिथे ते योग्यच आहेत. ज्यावर थांबायचं नाही त्याचा टॅबस्टॉप बंद करा.

3. फोकस आत्ता कुठे आहे ते दिसायची सोय करा

"कर्सर गायब झाला" या तक्रारीवर अंदाज बांधण्यात मी पूर्वी दिवस घालवले आहेत. दोन गोष्टी केल्या की कारण पाच मिनिटांत सापडतं.

पहिली: डॉक्युमेंटचा अ‍ॅक्टिव्हएलिमेंट हा गुणधर्म सांगतो की फोकस आत्ता कुणाकडे आहे. क्रोमच्या डेव्हलपर साधनांतल्या कन्सोलमध्ये डोळ्याचं चिन्ह आहे. तिथे हे नाव टाकून ठेवलं की किंमत बदलेल तशी समोर दिसत राहते. बॉडी असं दिसलं की समजा, फोकस निसटला.

दुसरी: डॉक्युमेंटवर फोकसइन हा इव्हेंट ऐका आणि प्रत्येक वेळी घटकाचं नाव कन्सोलमध्ये छापा. साधे फोकस आणि ब्लर (फोकस गेल्यावर येणारा) हे इव्हेंट वरच्या घटकांपर्यंत चढत जात नाहीत. फोकसइन आणि फोकसआउट चढतात. म्हणून एकाच ठिकाणी कान लावून सगळा फॉर्म ऐकता येतो.

यात एक अडचण येते. कन्सोलवर क्लिक केलं की फोकस कन्सोलकडे जातो आणि जे तपासायचं तेच बिघडतं. क्रोमच्या रेंडरिंग या भागात, पानावर फोकस आहे असं भासवणारा पर्याय आहे. तो चालू ठेवा.

4. कोडमधून फोकस देताना वेळ सांभाळा

घटकावर फोकस हे फंक्शन बोलावलं की काम झालं, असं वाटतं. पण ते चालण्यासाठी त्या क्षणी चार गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. घटक पानात असला पाहिजे, दिसत असला पाहिजे, निष्क्रिय नसला पाहिजे आणि फोकस घेण्याजोगा असला पाहिजे. यातली एक जरी चुकली तरी कसलीही सूचना येत नाही. फंक्शन गुपचूप परततं.

नवखे लोक इथे हमखास एक उपाय करतात, मीही केला होता: सेटटाइमआउट लावून 100 मिलिसेकंदांनी फोकस द्यायचा. माझ्या लॅपटॉपवर ते छान चाललं. दुकानातला संगणक जुना, त्यात मार्चमधली गर्दी. तिथे रकाना तयार व्हायलाच जास्त वेळ लागायचा आणि फोकस कधी मिळायचा, कधी नाही. दिवसातून दोनदाच येणारी अशी चूक दर वेळी येणाऱ्या चुकीपेक्षा जास्त छळते. आकडा वाढवून 300 केलात तर दुसरी आपत्ती: तेवढ्या वेळात वापरणाऱ्याने स्वतः दुसरीकडे क्लिक केलेलं असतं आणि तुमचा उशिरा आलेला फोकस त्याला तिथून ओढून आणतो.

योग्य मार्ग म्हणजे घटक तयार झाल्याची खूण धरणं:

- रिअ‍ॅक्टमध्ये रेफ घ्या आणि घटक पानावर आल्यावर चालणाऱ्या इफेक्टमध्ये फोकस द्या. एका कंपोनंटच्या आतच दुसरा कंपोनंट लिहू नका. बाहेरचा पुन्हा रेंडर झाला की आतला नव्याने जन्मतो आणि एकेक अक्षर टाइप करताना कर्सर उडतो. यादीतल्या ओळींना दर वेळी बदलणारी की दिलीत तरी हेच होतं.
- विंडोज फॉर्म्समध्ये लोड इव्हेंटला फोकस देऊ नका. फॉर्म तेव्हा अजून दिसत नसतो. अ‍ॅक्टिव्हकंट्रोल ठरवून द्या किंवा शोन इव्हेंटची वाट बघा. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतही फोकस ऐवजी सिलेक्ट किंवा अ‍ॅक्टिव्हकंट्रोल वापरा असंच सांगितलं आहे.
- डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या डेस्कटॉप साधनात तार्किक फोकस आणि कीबोर्डचा फोकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्सर लुकलुकायला हवा असेल तर कीबोर्डचा फोकस लागतो.
- जावा स्विंगमध्ये रिक्वेस्टफोकसइनविंडो वापरा. नुसतं रिक्वेस्टफोकस वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळं वागतं.

आता आण्णांच्या त्या तीन पट्ट्यांचं काय केलं ते सांगते, कारण ‘जतन झाल्यावर’ ही सगळ्यात नाजूक जागा आहे. बटण निष्क्रिय करणं बंद केलं. त्याऐवजी ‘जतन चालू आहे’ अशी खूण कोडमध्ये ठेवली आणि ती असताना दुसऱ्यांदा दाबलेलं दुर्लक्षित केलं. तरीही अर्धी अडचण उरलीच. सर्व्हरकडून उत्तर यायला दीड-दोन सेकंद लागायचे आणि तेवढ्या वेळात आण्णा पुढचा लॉट नंबर टाकून मोकळे झालेले असायचे. डॉसच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हे खपायचं. प्रोग्रॅम कामात असला तरी कीबोर्डच्या बफरमध्ये 15 कळा थांबून राहायच्या आणि तो मोकळा झाला की क्रमाने पोचायच्या. वीस वर्षांची ती सवय हातात होती. वेबपान कळा असं सांभाळून ठेवत नाही. त्या क्षणी फोकस जिथे असेल तिथे त्या जातात.

म्हणून क्रम उलटा केला. शेवटचा एंटर दाबला की पट्टीची प्रत बाजूला घ्यायची, फॉर्म लगेच मोकळा करायचा, फोकस लगेच नव्या पट्टीच्या लॉट नंबरवर द्यायचा आणि मग सर्व्हरकडे पाठवायचं. पाठवणं फसलं तर ती पट्टी उजवीकडच्या ‘अडकलेल्या पट्ट्या’ या यादीत लाल होऊन बसते. वापरणाऱ्याच्या हातातलं काम थांबवून ती समोर येत नाही. दुरुस्ती तो सवडीने करतो.

आधीच आकडा असलेल्या रकान्यात फोकस नेताना सिलेक्टही बोलवा. जुना आकडा निवडला गेला की नवा थेट त्याच्यावर बसतो. नाहीतर 12 च्या पुढे 15 टाइप होऊन 1215 पोती तयार होतात.

5. एंटरने पुढे जाणं

वेबवर एंटरचा मूळ अर्थ ‘फॉर्म पाठवा’ असा आहे. हिशोबाचं काम करणाऱ्यांना तो ‘पुढचा रकाना’ असा हवा असतो. हे बदलायचं तर फॉर्मवर कीडाउन इव्हेंट ऐका, कळ एंटर असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्टने मूळ वागणं थांबवा आणि पहिल्या पायरीत लिहिलेल्या यादीतल्या पुढच्या रकान्याला फोकस द्या. ती यादी कोडमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. प्रत्येक रकान्यात ‘माझ्यानंतर कोण’ असं विखरून लिहिलंत, तर मधला एक रकाना काढल्यावर साखळी तुटते.

चार ठिकाणी जपा.

बटणावर फोकस असताना एंटरने बटणाचंच काम झालं पाहिजे. मोठ्या मजकुराच्या रकान्यात एंटरने नवी ओळ आली पाहिजे. ही दोन्ही वगळा.

बोट जरा जास्त वेळ राहिलं तर एंटर आपोआप परत परत येतो आणि फोकस सरसर शेवटच्या रकान्यापर्यंत पळतो. इव्हेंटमधला रिपीट हा गुणधर्म खरा असेल तर काहीच करू नका.

टॅब आणि शिफ्ट-टॅब यांना हात लावू नका. ते आहेत तसे चालत राहिले पाहिजेत.

आणि चौथी गोष्ट, जी इंग्रजीतल्या लेखांमध्ये फारशी येत नाही पण आपल्याला रोज लागते: मराठी टायपिंग. उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड वापरला की शब्द आधी कच्चा तयार होतो, खाली पर्याय दिसतात आणि एंटर दाबून त्यातला एक पक्का करतात. तो एंटर शब्दासाठी असतो. तुमचा कोड त्यालाच ‘पुढचा रकाना’ समजला, तर शेतकऱ्याचं नाव अर्धवट राहून कर्सर पोत्यांवर जातो. इव्हेंटमधला इझकंपोझिंग हा गुणधर्म खरा असेल तर तो एंटर सोडून द्या. सफारीत शब्द पक्का करणाऱ्या एंटरला हा गुणधर्म खोटा येऊ शकतो, म्हणून कीकोड 229 आहे का तेही तपासा. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या ठरावीक कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण तिथे अक्षर थेट उमटतं. तुम्ही स्वतः इनस्क्रिप्टवाले असाल तर दुसऱ्या पद्धतीनेही एकदा तपासा, नाहीतर ही चूक तुम्हाला कधी दिसणारच नाही.

6. घेतलेला फोकस परत द्या

वर छोटी खिडकी उघडली की फोकस तिच्यात गेला पाहिजे, ती उघडी असेपर्यंत टॅब तिच्याबाहेर जाता कामा नये आणि ती बंद झाली की फोकस जिथून आला तिथे परत गेला पाहिजे. डायलॉग हा एचटीएमएलचा घटक शोमोडलने उघडलात तर हे तिन्ही ब्राउझर सांभाळतो, एस्केपने बंदही करतो. जुन्या प्रकल्पात डिव्हची खिडकी असेल तर उघडण्याआधीचा अ‍ॅक्टिव्हएलिमेंट जपून ठेवा, मागच्या भागाला इनर्ट (त्या भागात फोकस जाऊ न देणारा गुणधर्म) लावा, आणि बंद करताना आधी इनर्ट काढून मग फोकस परत द्या. हा क्रम उलटा झाला तर फोकस मिळत नाही.

ज्याच्याकडे परत जायचं तोच घटक उरला नसेल तर? ओळीतलं ‘पुसा’ बटण दाबलं, खात्रीची खिडकी आली, हो म्हटलं आणि ओळच गेली. मग फोकस पुढच्या ओळीवर द्या. पुढची नसेल तर आधीच्या ओळीवर. यादीच रिकामी झाली असेल तर यादीच्या शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे 1 देऊन त्याच्यावर.

खात्रीच्या खिडकीत पहिला फोकस ‘नको’ या बटणावर ठेवा. भरभर एंटर मारणाऱ्याचा एखादा एंटर खिडकी उघडल्यानंतर पोचतो. तो ‘पुसा’ वर पडला तर पट्टी गेली.

7. चूक सापडली तर अडवून धरू नका

रकान्यातून बाहेर पडताना ब्लर इव्हेंटमध्ये तपासायचं, चूक असेल तर अलर्ट दाखवायचा आणि फोकस मागे ओढायचा, हा प्रकार टाळाच. अलर्टमुळे स्वतःच फोकस हलतो, परत ब्लर होतो, परत अलर्ट. दोन शेजारच्या रकान्यांनी एकमेकांकडून फोकस ओढायला सुरुवात केली की शेवटी ब्राउझरचा टॅबच बंद करावा लागतो.

बाहेर पडताना चूक असेल तर रकान्याखाली लाल अक्षरांत लिहा, पण जाऊ द्या. जतन करताना सगळं एकदा तपासा आणि पहिल्या चुकीच्या रकान्यावर फोकस न्या. आमच्याकडे दर रिकामा असला तरी पुढे जाऊ देतो. सौदा अजून व्हायचा असतो, लॉटचं वजन मात्र झालेलं असतं.

विंडोज फॉर्म्समध्ये व्हॅलिडेटिंग इव्हेंटला कॅन्सल खरं केलंत तर माणूस त्या रकान्यात कोंडला जातो. ‘रद्द’ बटणही दाबता येत नाही. निदान त्या बटणाचा कॉझेसव्हॅलिडेशन खोटा ठेवा. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, कीबोर्डने आत गेलेल्याला कीबोर्डने बाहेर पडता आलं पाहिजे असा नियम 2.1.2 आहे. तो सक्तीच्या पहिल्या पातळीचा आहे.

8. वजनकाटा आणि स्कॅनर: फोकस चुकला की पैसे चुकतात

बारकोड स्कॅनर बहुधा संगणकाला कीबोर्ड म्हणूनच जोडलेला असतो. त्याने वाचलेले आकडे, जणू कुणी टाइप केल्यासारखे, फोकस असेल तिथे पडतात आणि शेवटी बहुतेक वेळा एंटर येतो. इलेक्ट्रॉनिक काटाही असाच जोडता येतो. सोपा वाटतो, म्हणून मीही तसाच जोडला.

एकदा लॉट होता 11 पोत्यांचा, वजन 612.4 किलो. काट्यावरच्या हमालाने बटण दाबलं तेव्हा आण्णा पुढे गेले होते आणि फोकस दराच्या रकान्यात होता. पट्टीवर क्विंटलचा दर 612.4 रुपये छापला गेला. शेतकरी समोर उभे होते, त्यांनी कागद हातात घेतला आणि न बोलता आण्णांच्या पुढे धरला. पट्टी तिथल्या तिथे दुरुस्त झाली. पण एखाद्या वेळी माणूस न वाचता खिशात घालून गेला असता, तर वर्षभराच्या कष्टाचा हिशोब चुकीचा घरी गेला असता. ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची आहे, असं मला मनापासून वाटतं.

उपाय असा: काट्याचं वजन फोकसवर सोडू नका. काटा सिरियल पोर्टने जोडा, वजन कोडमध्ये वाचा आणि फोकस कुठेही असला तरी ते वजनाच्याच रकान्यात घाला. क्रोम आणि एजमध्ये डेस्कटॉपवर वेब सिरियल या ब्राउझरच्या सोयीने हे जमतं. एकदा परवानगी द्यावी लागते आणि पान सुरक्षित पत्त्यावर असावं लागतं. स्कॅनर कीबोर्डसारखाच ठेवायचा असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये प्रत्येक वाचनाच्या आधी एखादं वेगळं चिन्ह लावून घ्या. ते चिन्ह दिसलं की पुढचे आकडे योग्य रकान्याकडे वळवा.

याच कारणासाठी, मागच्या बाजूने आलेल्या माहितीमुळे फोकस कधीही हलवू नका. नवा भाव आला, दुसऱ्या संगणकावरची पट्टी यादीत आली, तरी टाइप करणाऱ्याचा रकाना आहे तिथेच राहिला पाहिजे.

9. फोकस दिसू द्या, ऐकू येऊ द्या

फोकसभोवतीची रेघ दिसायला बरी वाटत नाही म्हणून आउटलाइन नन करून काढणारे खूप आहेत. काढायचीच असेल तर तिच्या जागी आणखी ठळक काहीतरी द्या. यार्डातली दुकानं समोरून उघडी असतात आणि दुपारचं ऊन स्क्रीनवर येतं. मी फोकस असलेल्या रकान्याला तीन पिक्सेलची गडद निळी चौकट आणि फिकट पिवळी पार्श्वभूमी देते. माउसने क्लिक केल्यावर बटणांभोवती चौकट नको असेल तर फोकसव्हिजिबल हा सीएसएसचा सिलेक्टर वापरा.

ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 ने यात एक नियम वाढवला: फोकस असलेला घटक दुसऱ्या कशाखाली पूर्ण झाकला जाऊ नये. स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटून राहणारा पट्टा असेल तर शिफ्ट-टॅबने वर जाताना रकाना त्याच्यामागे जातो. स्क्रोलपॅडिंगटॉप द्या.

‘पट्टी जतन झाली’ हे सांगण्यासाठी फोकस त्या संदेशावर नेऊ नका. संदेशाच्या जागेला स्टेटस हा रोल द्या. स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो आणि फोकस हलत नाही.

10. मोबाइलवर

इथे थोडकंच. आयफोनच्या सफारीत, वापरणाऱ्याने स्पर्श केला त्याच ओघात फोकस दिलात तर कीबोर्ड वर येतो. नंतर कधीतरी दिलात तर येत नाही. अँड्रॉइडवर पान उघडताच फोकस दिला आणि कीबोर्ड आला तर अर्धी स्क्रीन झाकते, म्हणून मी फोनवर सुरुवातीचा फोकस देतच नाही. एंटरकीहिंट ला नेक्स्ट दिलं की कीबोर्डवरचं बटण ‘पुढे’ असं दिसतं.

11. दुकानात बसवण्याआधीची तपासणी

माउसची वायर काढून ठेवा, आणि मग:

- स्क्रीन उघडा. काहीही न दाबता टाइप करा. पहिल्या रकान्यात उमटलं का?
- खऱ्या वीस पट्ट्या कागदावरून, स्क्रीनकडे न बघता भरा. नंतर एकेक ताडून बघा.
- डेव्हलपरच्या साधनांत नेटवर्क मुद्दाम हळू करा आणि तेच परत करा. नंतर नेटवर्क पूर्ण बंद करून करा.
- प्रत्येक खिडकी उघडून एस्केप दाबा आणि अ‍ॅक्टिव्हएलिमेंट बघा. बॉडी दिसता कामा नये.
- पहिली, मधली आणि शेवटची ओळ पुसून बघा.
- नाव मराठीत, उच्चाराच्या कीबोर्डने टाका आणि एंटरने शब्द पक्का करा.
- दराच्या रकान्यात फोकस असताना काट्याचं बटण दाबा.
- एनव्हीडीए चालू करून, डोळे मिटून एक पट्टी पूर्ण करा.

यानंतर पहिले दोन दिवस दुकानातच बसा. लॅपटॉप उघडायची गरज नाही. वही घ्या, दिवाणजींचा हात बघत राहा आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे वेळ आणि रकान्याचं नाव लिहा. दुसऱ्या खेपेला मी अशी बसले तेव्हा पहिल्या दिवशी वहीत सात नोंदी झाल्या. त्यातल्या पाच खरेदीदाराच्या यादीच्या होत्या: खाली बाण दाबून नाव निवडलं की फोकस यादीतच राहायचा. ते त्याच रात्री दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौदे उठले तेव्हा वहीत एकच नोंद होती, चार वाजून दहा मिनिटांची, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: चहा.